शेजारची दाढ

दाल्कावे या किनाऱ्यावरच्या गावात दाढ दुखायला लागली की लोक आधी लवंग चावतात, मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतात, आणि कशानेच भागलं नाही की मिर्ता ओयार्सोकडे जातात. धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर लोकरीचे स्वेटर विकणाऱ्या बाईचं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर तिचा दवाखाना. मिर्ता दाढ उपटत नाही, वाचवते, असं लोक तिच्याबद्दल बोलायचे आणि ते ऐकायला तिला आवडायचं.

तिची आई शिंपले सोलण्याच्या शेडमध्ये कामाला होती. त्या काळी बेटांवर वर्षातून एकदा होडीने दातांचा डॉक्टर यायचा, शाळेच्या वर्गात खुर्ची मांडायचा आणि जे दुखतंय ते काढून टाकायचा. आई तिशीतच बोळकी झाली. पुढे मिर्ता वाल्दिव्हिया शहरात दातांचं शिकायला गेली तेव्हा तिने रूट कॅनलवर जीव टाकला. केसासारख्या बारीक सुयांनी दाढेतली सडलेली नस काढायची, मुळांतल्या नळ्या धुऊन लख्ख करायच्या, भरून बंद करायच्या. दाढ आपल्या जागी राहते आणि माणूस तिनेच जेवतो. शिक्षण संपल्यावर राजधानीत, सांतियागोत राहायची सोय होत होती, ती सोडून मिर्ता गावी परतली.

एलिओदोरो कार्कामो तिच्याकडे आला तो जुलैत, तिकडचा हिवाळा ऐन भरात असताना. समोरच्या बेटावर तो लाकडी होड्या बांधायचा. साठी उलटलेला, रुंद हाडाचा, कमी बोलणारा माणूस. कारागीर म्हणून सगळे त्याला मायेस्त्रो म्हणत, मिर्ताही तेच म्हणायची. डावा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता आणि कित्येक रात्री त्याला धड झोप नव्हती.

"उपटू नका बरं का डॉक्टरबाई," खुर्चीत बसता बसता तो म्हणाला. "उजवीकडे तसंही काही उरलं नाहीये. खिळे कुठे धरू मग?"

फळ्या ठोकताना तो खिळे दातांत धरायचा. मिर्ताने त्याला त्यावरून दटावलं आणि दाढ वाचवते म्हणून शब्द दिला.

त्या दिवशी सकाळी वीज गेली होती. ती आली तोपर्यंत बाहेरची खोली भरली होती, आणि बेटावर परतणाऱ्यांचं अर्धं लक्ष फेरीबोटीच्या वेळेकडे होतं. मिर्ताने एक्स-रे पाहिला. खालच्या डाव्या बाजूची सगळ्यात मागची दाढ, तिच्या मुळाशी काळी सावली. तिने भूल दिली, आणि मदतनीस नोल्फाच्या हातून रबराची पातळ चादर घेऊन दाढेवर चढवली. ही चादर लावली की एकच दाढ वर दिसते, बाकीचं तोंड झाकलं जातं. मिर्ताने ती चढवली मागच्या दाढेच्या शेजारणीवर. त्या शेजारणीत चांदीचं जुनं मोठं फिलिंग होतं आणि दिसायला तीच रोगट वाटत होती. दाराबाहेर कुणीतरी फेरी चुकणार म्हणून कुरकुरत होतं. मिर्ताने ड्रिल चालू केलं.

आतून लालभडक, ताजं रक्त वर आलं.

सडलेल्या दाढेतून असं रक्त येत नाही. मिर्ताचा हात जागच्या जागी थांबला. तिने एक्स-रेकडे पाहिलं, पुन्हा तोंडात पाहिलं. मग नोल्फाकडे. मास्कवरून नोल्फाचे डोळे तिच्यावरच होते. म्हणजे तिलाही समजलं होतं.

तिथेच थांबून, औषध लावून दाढ बंद केली असती तर नस कदाचित जगलीही असती. पण मग का थांबले ते मायेस्त्रोला सांगावं लागलं असतं. मिर्ताने बारीक सुई मागितली आणि ती निरोगी नस काढून टाकली. नंतर चादर सोडवून मागच्या दाढेवर चढवली. ती उघडल्याबरोबर घाण वास सुटला, पू आला, आणि भूल असूनही मायेस्त्रोने सुटल्यासारखा श्वास सोडला.

"किडलेल्या दोन निघाल्या, मायेस्त्रो," ती म्हणाली. "दोन्ही खराब होत्या."

पुढच्या दोन-तीन खेपांत तिने दोन्ही दाढा पुऱ्या केल्या, आणि काम इतकं सुबक झालं की एक्स-रे कुणालाही दाखवावा. पैसे मात्र तिने एकाच दाढेचे घेतले. त्याने तो तिचा मोठेपणा मानला. आठवड्याभरात त्याची बायको ऊबेर्लिंदा बटाट्यांचं पोतं आणि धूर दिलेल्या शिंपल्यांची माळ देऊन गेली. मायेस्त्रो फेरीवर भेटेल त्याला सांगायचा की डॉक्टरबाईने एक दाढ फुकट वाचवली, अशी माणसं हल्ली राहिली नाहीत. लोक ते ऐकून यायचे, खुर्चीत बसल्या बसल्या तेच मिर्ताला ऐकवायचे, आणि ती हातमोजे चढवण्याचं निमित्त करून पाठ फिरवायची. शिंपल्यांची माळ तिने नोल्फाला देऊन टाकली.

नोल्फाचं मत सरळ होतं. झालं ते झालं, काम तर नीट झालंय, आता सांगून नस थोडीच परत येणार आहे. मिर्ताला ते ऐकून बरं वाटायचं आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची चीडही यायची.

एक गोष्ट मात्र राहून गेली. नस काढलेली दाढ पुढे ठिसूळ होते, तिच्यावर कॅप बसवावी लागते. मायेस्त्रो म्हणाला होता, हातातली होडी पाण्यात उतरली की येतो. दुसऱ्या कुणाला मिर्ताने फोन करकरून बोलावलं असतं. याला तिने एकदाही केला नाही. तो पुन्हा खुर्चीत बसून आपल्याकडे त्या भरवशाच्या नजरेने बघेल, याचीच तिला धास्ती होती. बोलावू, पुढच्या आठवड्यात बोलावू, असं करत उन्हाळा निघून गेला.

एप्रिलमध्ये तो आपण होऊन आला. गाल सुजला नव्हता, पण मान खाली होती.

"रागवा मला," तो म्हणाला. "खिळा दाताखाली आला आणि कडकन आवाज झाला. तुम्ही एवढ्या मेहनतीने वाचवलेली दाढ. तुम्ही बजावलं होतं, मी ऐकलं नाही. आठवडाभर यायचं धाडस होईना."

मिर्ताने आरसा घालून पाहिलं. शेजारची दाढ मुळापर्यंत उभी चिरली होती. तिला आता कोणीच वाचवू शकत नव्हतं. मागची, खरी आजारी दाढ, ठणठणीत होती. आणि हा माणूस तिची माफी मागत होता.

तेवढं तिला सोसवलं नाही. तिने खुर्ची सरळ केली, मास्क काढला आणि त्याच्या समोर बसली. नोल्फा उठून बाहेर गेली.

"मायेस्त्रो, चूक तुमची नाही. ही दाढ चांगली होती. मी घाईत चुकीची उघडली, आणि तुमच्याशी खोटं बोलले."

त्याने त्या दाढेवरून जीभ फिरवली.

"म्हणजे हिला काही झालंच नव्हतं?"

"नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तेव्हाच. रक्त आलं तेव्हा."

"तेव्हा मी इथेच होतो ना?" त्याने खुर्चीच्या हातावर तळवा ठेवला. "याच खुर्चीत."

"हो."

"आणि मी गावभर तुमचं कौतुक सांगत फिरलो."

 मला माफ करा, असं ती म्हणाली खरी, पण ते शब्द तोंडातून निघताच तिला पोकळ वाटले. शेजारच्या कास्त्रो शहरात दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवते, खर्च माझा, असं तिने सुचवलं. त्यावर त्याने नकारार्थी मान हलवली. आता काढायचीच आहे तर तुम्हीच काढा म्हणाला, आणि आपण होऊन मागे रेलला.

मिर्ताने दाढ काढली. दोन तुकडे झाले, दोन्ही तिने ट्रेमध्ये ठेवले. मायेस्त्रोने ते रुमालात गुंडाळून खिशात घातले, कापूस दाताखाली दाबला आणि जिना उतरून गेला. निरोप घेतला नाही. मिर्ता खिडकीतून बघत राहिली. धक्क्यावर तो नेहमीसारखा कुणाशी बोलत उभा राहिला नाही, थेट फेरीत जाऊन बसला.

त्याने ही गोष्ट गावात सांगितली का, हे तिला कधी कळलं नाही. रोगी येत राहिले. बाजारात दोघं बोलता बोलता गप्प झाले की तिला वाटायचं, त्यांना माहीत आहे. अनेकदा ते माशांच्या भावाबद्दलच बोलत असायचे. बेटावर जाऊन त्याला भेटावं म्हणून एका रविवारी ती फेरीच्या रांगेत उभी राहिली आणि नंबर आल्यावर घरी परतली. जाऊन तिथे काय बोलायचं हे तिला ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरात ऊबेर्लिंदाची दाढ ठणकायला लागली. ती आली तेव्हा मागे मायेस्त्रो होता. त्याने बाहेरच्या खोलीतली खुर्ची उचलून आत आणली आणि बायकोच्या डोक्याशी मांडली. मिर्ताने आपलं स्टूल सरकवून त्याला जागा करून दिली.

"लग्नातसुद्धा हा इतका चिकटून बसला नव्हता," ऊबेर्लिंदा म्हणाली. तिला सगळं माहीत होतं, हे तिच्या स्वरावरूनच कळत होतं. "दुसरीकडे चल म्हटलं तर म्हणतो, हात हिचाच चांगला आहे."

मिर्ताने एक्स-रे उजेडासमोर धरला आणि सावली दाखवली.

"कोणती?" मायेस्त्रोने विचारलं.

"वरची उजवी, मागून दुसरी."

"बोट लावून दाखवा."

तिने बोट लावलं. त्याने बायकोला विचारलं, "हीच ना गं?" तोंड उघडं ठेवूनच तिने होकार भरला. मिर्ताने चादर चढवल्यावर तो उठला, वाकून चादरीच्या कडेखालून आत डोकावला, ओठ हलवत मागून दाढा मोजल्या आणि खाली बसला. तो बसेपर्यंत मिर्ता थांबली. मग तिने ड्रिल उचललं. 

दाढ उघडली. आतून काळपट, मेलेली नस निघाली. नोल्फाने हळूच श्वास सोडला.

काम झाल्यावर त्याने खुर्ची उचलून बाहेर जागेवर ठेवली. पुढची तारीख नोल्फाने सांगितली तेव्हा ऊबेर्लिंदा म्हणाली की त्या दिवशी ती एकटी येईल, ह्याला होडीचं काम आहे.

"नाही," मायेस्त्रो म्हणाला. "मी येणार."

"या," मिर्ता म्हणाली.