दहाव्याचा माणूस

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मधल्या काही वर्षांत जो कोणी वारला, त्याला माझ्या साडूंनी निरोप दिला नाही असं सहसा घडलेलं नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. वय पन्नाशीला टेकलेलं, शर्ट कडक इस्त्रीचा, खिशाला पेन, आणि काम काहीही नव्हतं. एका कारखान्यात ते लाइन सुपरवायझर होते. कारखाना परराज्यात गेला, मशीनं ट्रेलरवर चढली, कर्मचाऱ्यांना ट्रेलर नव्हता. त्याला आता बरीच वर्षं झाली. साडूंच्या दृष्टीने मात्र ते अजून कामावर होते. फक्त कारखाना गैरहजर होता. एक आठवडा पहिली शिफ्ट, पुढचा दुसरी, त्यापुढचा रात्रपाळी, हे चक्र त्यांनी घरात चालू ठेवलं. रात्रपाळीच्या आठवड्यात ते दिवसा झोपत आणि शिलाई मशीनचा आवाज झाला की ओरडत. त्या मशीनवर मेव्हणीबाई घर चालवतात. ‘‘कंपनी गेली गुजरातला, आन् शिफ्ट राह्यली माझ्या घरात,’’ असं म्हणून त्या पायडल आणखी जोरात मारत.

नोकरी त्यांनी शोधली नाही असं कोणी म्हणू नये. सुरुवातीला रोज शोधली. मुलाखत घेणारे हळूहळू त्यांच्या मुलाच्या वयाचे होत गेले. एकाने ‘‘अंकल, कंप्युटर येतं का?’’ असं विचारलं. ‘‘तुमच्या सायबाला हजेरी लावायला मी शिकवलंय,’’ साडूंनी सांगितलं आणि ते चहा न घेता उठले. एका कंत्राटदाराने मात्र काम देऊ केलं. बंद कारखान्याच्या आवारात आता कोणाचं तरी गोदाम झालं होतं, तिथे गेटावर वॉचमन. साडूंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. ‘‘ज्या गेटातून मला सलाम ठोकून आत घ्यायचे, तिथं आता मी ठोकू व्हय?’’ वडगाव रासाईला त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, कानावर हे गेलं. आबांच्या बापाने मेंढरं वळली होती, आबांनी ऊस केला, आणि पोरगा कंपनीत लागला तेव्हा गावभर पेढे वाटले होते. आबा तेव्हापासून दिसेल त्याला एकच सांगू लागले, ‘‘ह्याला गेटावर तरी चिकटवा. बसून गंजलेला नांगुर कुणी इकतपण घेत न्हाई.’’ हे ऐकून साडू गावी जायचे बंद झाले.

दहाव्यांना जायची सवय त्याच सुमाराला लागली. लग्नात, पारावर, दवाखान्यात, जाईल तिथे माणसं विचारत, ‘‘मग सध्या काय?’’ दशक्रियेला तसं नसतं. ‘‘तिथं चौकशी ज्याची व्हायची, तो फोटोत असतोय,’’ असं त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. चौकातले श्रद्धांजलीचे फ्लेक्स वाचून ते सकाळीच कुठल्या तरी घाटावर हजर होत. प्रवचन ऐकत, मेलेल्याच्या आठवणीचं रोप वाटलं तर घेत, चपला नीट लावून ठेवत. होता होता त्यांना एक कसब साधलं. पिंडाला कावळा शिवला नाही की मेलेल्याची काही इच्छा राहिली असं समजतात, आणि घरचे हात जोडून एकेक वचन देऊ लागतात. तळेगाव ढमढेऱ्याला एका म्हातारीच्या दहाव्याला मी त्यांच्याबरोबर होतो. ‘‘आई, गाय इकणार न्हाई,’’ ‘‘आई, देवाला जाऊन येतो,’’ मुलांनी सगळं म्हणून पाहिलं. कावळे झाडावर ढिम्म. साडूंनी जाऊन धाकट्याच्या कानात सांगितलं, ‘‘थोरल्याशी बोलीन म्हण.’’ तो कसाबसा म्हणाला आणि कावळा उतरला. कावळ्याला भूक लागली असावी, असं माझं मत. पण साडूंचं नाव झालं. लोक फोन करून बोलावू लागले, मोटारसायकल पाठवू लागले. ‘‘आज दौंडला हाय, उद्या जमवतो,’’ हे सांगताना त्यांचा आवाज जुन्या सुपरवायझरचा व्हायचा.

मग आबा गेले.

भीमेच्या काठावर सगळं गाव जमलं होतं. पिंड मांडले, माणसं मागे सरली. कावळे बाभळीवर होते आणि तिथेच राहिले. साडू पुढे झाले. ‘‘आबा, बोअर दुरुस्त करतो.’’ काही नाही. ‘‘आबा, आईला सांभाळतो. बहिणीचं माहेर तुटू देणार न्हाई.’’ काही नाही. इतरांच्या आई-बापांच्या मनातलं ओळखणारा हा माणूस आपल्याच बापाच्या मनाभोवती फिरत होता, आणि बाप तर ते मन ज्याला त्याला सांगून गेला होता. मागून कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, ‘‘आता का सुचंना?’’ दुसरा फसकन हसला. मेव्हणीबाईंनी पदर तोंडाला लावला. शेवटी बसल्या जागेवरून म्हातारी आई बोलली, ‘‘लेका, त्यांना काय पायजे हुतं ते तुला ठावं हाय. कशाला ताटकळत ठेवतो त्यांना?’’

साडूंनी हात जोडले.

‘‘आबा, जातो गेटावर.’’

सगळ्यांनी वर पाहिलं. एका कावळ्याने पंख पसरले, फांदी बदलली आणि तो पुन्हा बसला. आणखी थोडं थांबून गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि विधी उरकला. माणसं जेवायला वळली.

पुढच्या आठवड्यात साडू त्याच गेटावर वॉचमन म्हणून रुजू झाले. मी मध्यंतरी मुद्दाम भेटायला गेलो. गणवेश ढगळ होता, पण त्यालाही त्यांनी कडक इस्त्री केली होती. दहाव्यांची बोलावणी येतात, ते जात नाहीत. मी म्हणालो, ‘‘कावळा तर शिवलाच नाही. मग तुम्ही शब्दातून मोकळेच होतात की.’’

‘‘कावळ्याचं सोडा, पाव्हणं. माणसं ऐकत हुती.’’ टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. ‘‘आबांना ऐकू गेलं आसंल का, यवढंच वाटतंय.’’

समोर एक ट्रक येऊन हॉर्न देऊ लागला. त्यांनी टोपी घातली, नीट केली आणि गेटाचा आडवा दांडा वर करायला गेले.