आप्पांची पांढरी चिनाई मेंदी

आप्पांना कुठलीही गोष्ट नुसती बघून पटत नसे. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरायची, चोळून बघायची आणि मगच मत द्यायचं. जन्मभर कापड विकलेल्या माणसाची ती सवय. मेथीचं पान असो, लग्नपत्रिकेचा कागद असो की माझ्या साडीचा पदर, सगळं त्या चिमटीतून जायचं. मग मान जराशी कलती करून म्हणायचे, "बरं हाय. टिकंल."

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. त्यांच्याकडे आपण हसून बघतो आणि आपल्या कामाला लागतो. मीही बरीच वर्षं तेच केलं.

शिरूर कासारला आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायची. आप्पांचं बाजारपेठेत कापडाचं लहानसं दुकान होतं. घर लिंगायत. सकाळी कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी आणि पूजेला पांढरंच फूल पाहिजे. बायको लवकर गेलेली. घरात ते आणि एकुलती लेक गिरिजा. गिरिजा पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्या हाताखाली शिकली. पुढे ती शेतीच्या पदविकेला बीडला गेली आणि एका सुट्टीत काळ्या पिशवीतलं रोप घेऊन आली.

"चिनाई मेंदी आहे, बाई. हाताला लावायची नव्हे, फुलांची," तिनं मला दाखवलं. "नर्सरीत सगळीकडं गुलाबी मिळते. ही पांढरी आहे. आप्पांच्या पूजेला होईल."

रोप अंगणात भर उन्हात लागलं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला पहिला तुरा आला. चुरगळलेल्या, झालरीच्या पाकळ्या. आप्पांनी एक पाकळी चिमटीत धरली. "क्रेप हाय की ही," ते म्हणाले. "इस्त्री करायची राहिलेली."

हिवाळ्यात झाडाची पानं गेली, नुसती बोंडं राहिली. माघात गिरिजानं कात्री घेऊन सगळ्या फांद्या निम्म्यावर कापल्या. आप्पा दुकानातून आले, तर अंगणात चार दांडकी उभी. त्या दिवशी ते जेवले नाहीत. भिंतीवरून मला म्हणाले, "लेकीनं झाड मारलं, बाई. शिकायला कावून पाठवलं मी तिला?"

"मारलं नाही, आप्पा," गिरिजा आतून ओरडली. "जुन्या फांदीला फूल येत नाही. नवी फुटली की येतं."

चैत्रात दांडक्यांना तांबूस कोंब फुटले आणि जेठात झाड पांढरं झालं. तेव्हापासून आप्पा गल्लीतले मेंदीपंडित झाले. छाटलेल्या फांद्यांच्या कांड्या लावून त्यांनी रोपं केली आणि घरोघर वाटली. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यासाठी भांडणं व्हायची, तेव्हा स्वतःच्या अंघोळीचं पाणी बादलीत धरून झाडाला घालायचे. लोक हसले तर म्हणायचे, "हे लई मागत न्हाई. तुमच्यापरीस कमी." मला दिलेलं रोप मी भिंतीच्या सावलीत लावलं, त्याच्यावर पांढरी भुरी पडली. आप्पांनी पान चोळून बघितलं. "उन्हाचं झाड तुमी सावलीत कोंडलं. ह्येला सुख सोसत न्हाई." आणि स्वतः उपटून पुढच्या अंगणात लावून दिलं.

कुठलंही झाड कापलं की त्यांचा एक शब्द ठरलेला. "फुटंल."

गिरिजाचं लग्न आष्टीकडच्या एका गावात झालं. खतांचं दुकान, बागायत, राजकारणात ऊठबस असलेलं घर. लग्नाच्या भांड्यांबरोबर आप्पांनी पांढऱ्या मेंदीचं एक रोप दिलं आणि स्वतः जाऊन जावयाच्या अंगणात लावलं. मी त्यांना म्हणाले, "तिथं कशाला, आप्पा? तिला येतं लावता."

"बापानं लेकीच्या घरी सारखं जाऊ नये म्हणतात," ते म्हणाले. "झाड बघायला गेलं तर कोण काय म्हणणार?"

मग ते खरोखर झाडासाठी जाऊ लागले. माघात छाटायला, आषाढात खत घालायला, उन्हाळ्यात आळं करायला. दुकानातली मोठी कात्री फडक्यात गुंडाळून एस.टी.त बसायचे. परत आले की मला फक्त झाडाचं सांगायचे. आधी सांगायचे, झाड लई बरं हाय. गिरिजाला मुलगी झाली, आरू, तेव्हा म्हणाले, झाड फुलांनी वाकलंय. पुढे सांगू लागले, जरा वाळलंय. मग एकदा म्हणाले, "तिला झाडाला पाणी घालू देत न्हाईत. रिकामे उद्योग म्हणतात."

शेवटच्या खेपेला ते आले तेव्हा कात्री उघडीच हातात होती. जावयानं मेंदी जमिनीबरोबर कापून टाकली होती, आणि आता यायचं कारण उरलं नाही असं सासऱ्याला तोंडावर सांगितलं होतं. गिरिजाच्या हातावर भाजल्याचा डाग होता.

"चुलीवर भाजलं म्हणली," आप्पा म्हणाले.

"त्यांच्याकडं गॅस आहे ना?"

आप्पा कात्रीला फडकं गुंडाळू लागले.

"घेऊन या तिला," मी म्हणाले. "उद्याच जा."

"दिवाळीला आणतो. असं मधीच आणलं तर परत घेणार न्हाईत. पोर लहान हाय." मग म्हणाले, "मुळं हायेत अजून. फुटंल." त्यांच्या तोंडून तो शब्द मी पुन्हा ऐकला नाही.

दिवाळीच्या आधीच गिरिजा सासरच्या मळ्यातल्या विहिरीत सापडली. पाणी काढताना पाय घसरला, असं सासरचे म्हणाले. त्या विहिरीवर मोटर होती. पाणी कुणी शेंदत नव्हतं.

आप्पांनी पोलिसांत फिर्याद दिली. जावई आणि त्याची आई आत गेले, जामिनावर बाहेर आले. खटला सुरू झाला. आरू तेव्हा नुकती बोलायला लागली होती. ती त्यांच्याकडेच राहिली, आणि आप्पांना त्या गावच्या शिवेवरून परत पाठवलं जाऊ लागलं. एकदा ते तिच्या अंगणवाडीसमोर दिवसभर उभे राहिले. पोरीला मागच्या दारानं नेलं.

साक्षीची तारीख जवळ आली तेव्हा जावयाच्या नात्यातला एक पुढारी आप्पांच्या ओट्यावर येऊन बसला. मी भिंतीपलीकडून चहा घेऊन गेले, तर आप्पांनी मला थांबवून घेतलं.

"गेलेली माघारी येत न्हाई, आप्पा," पुढारी म्हणाला. "हाय तिचं बघा. गिरिजाला फिट यायची, एवढंच कोर्टात म्हणा. पोरीला भेटायचं मी बघतो."

"फिट कधी आलती तिला?" मी म्हणाले.

"बाई, तुमी मधी पडू नका."

आप्पा धोतराचा काठ चिमटीत चोळत होते. त्यांनी विचारलं, "आणि न्हाई म्हणलो तर?"

"मग पोर तिकडंच वाढंल. तुमी कोण, ते तिला कळायचं सुदिक न्हाई. आणि आईवाचून पोरीचं काय होतं, ते तुमाला सांगायला पायजे का?"

तारखेला मी आप्पांबरोबर बीडला गेले. कोर्टात ते पिंजऱ्याचा कठडा धरून उभे राहिले. वकिलानं विचारलं, तशी मान कलती करून म्हणाले, "व्हय. फिट यायची. बारकेपणापास्नं." मी मागच्या बाकावर होते. सहा वर्षं ती पोर माझ्यासमोर बसली होती, तिला कधी चक्करसुद्धा आली नव्हती. बाहेर आल्यावर आप्पांनी नळाखाली तोंड धरलं आणि बराच वेळ चुळा भरत राहिले.

जावई सुटला. गल्लीत कुणी आप्पांशी भांडलं नाही, पण बाया दुकानात जायच्या बंद झाल्या. "बापानं लेक विकली," असं त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात कुणीतरी म्हणालं. ते खाली बघून तागा गुंडाळत राहिले.

महिन्यातून एकदा त्यांना जावयाच्या अंगणात बसू देत. मेंदी मुळापासून फुटली होती. आप्पा ती छाटायचे, आळं करायचे, फुलं वेचायचे, आणि आरू त्यांच्याभोवती काड्या गोळा करत फिरायची. जावई खुर्ची टाकून समोर बसलेला असे. आत बोलवत नसत.

"त्येच्यासमोर हसावं लागतं, बाई," आप्पांनी एकदा सांगितलं. "न्हाई हसलो तर पुढच्या महिन्यात दार बंद. तोंड दुखंस्तवर हसतो. लेक मारली त्येनं माजी, आन् मी त्येला म्हणतो, जावईबापू, पाऊस बरा झाला औंदा."

जावयाचं दुसरं लग्न झालं, मुलगा झाला. मग आरूची अडचण व्हायला लागली. एका दुपारी त्यांनी तिला जीपमधून आणलं आणि कपड्यांच्या पिशवीसकट दुकानाच्या पायरीवर सोडलं. निरोपसुद्धा दिला नाही. आप्पांनी शटर ओढलं आणि तिचा हात धरून भर बाजारातून घरी आले. त्यांचं तोंड रडण्यासारखं झालं होतं, पण ते रडले नाहीत.

पुढची काही वर्षं त्या घरात आवाज आला. आरू माझ्याच शाळेत येऊ लागली. वर्गात हुशार, पण अबोल. सहलीला यायची नाही, झोक्यावर बसायची नाही. माघ आला की आजा-नात मिळून झाडं छाटायचे. आरू म्हणायची, इथं कापू का? आप्पा म्हणायचे, अजून खाली, भिऊ नको. आईबद्दल मात्र तिला काही सांगत नसत. मी एकदा विषय काढला, तर म्हणाले, "अजून थोडी मोठी होऊ द्या. मी काय बोललो ते मलाच सांगावं लागंल."

ते राहून गेलं. यंदा माघातच आप्पा गेले. दुकानात कापड मोजता मोजता खाली बसले, ते उठले नाहीत. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून, फुलांनी सजवून नेलं. गल्लीतली सगळी मेंदी नुकतीच छाटलेली होती, घरोघरी नुसत्या काड्या. शेवंती बाजारातून आणावी लागली.

तेरावं झाल्यावर त्यांची पुतणी आरूला लातूरला न्यायला आली. बाई चांगली आहे. गाडीत सामान भरेपर्यंत आरू माझ्याकडे आली आणि उंबऱ्यावर बसली.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"फिट आईकडून लेकीला येते का?"

मला आधी कळलंच नाही.

"माझ्या आईला फिट यायची ना. आप्पा कोर्टात म्हणलेत. तिकडं सगळे सांगायचे, तुझ्याच आज्यानं सांगितलंय. म्हणून मी विहिरीकडं जात नाही. झोक्यावर पण बसत नाही." ती गुडघ्यावरचं परकराचं कापड चोळत होती. "लातूरच्या घराला गच्ची आहे म्हणे. मावशीला आधीच सांगून ठेवू का?"

"नाही," मी म्हणाले. "तुझ्या आईला कधीच फिट आली नाही. एकदाही नाही. मी तिला शिकवलंय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलते आहे की काय, हे ती बघत होती. मग तिचे खांदे जरासे खाली आले.

"मग ती पडली कशी?"

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मी दारात जाऊन तिच्या मावशीला सांगितलं, थोडा वेळ थांब. दार लोटलं, आणि आरूच्या शेजारी खाली बसून तिला पहिल्यापासून सांगायला लागले.