खिंडीतल्या लाकडांवरचा चहा

तळेगावच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून डोंगर दिसतात. त्यामुळे कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळात मी नाव घातलं तेव्हा वडील म्हणाले, "रोज दिसतो तो डोंगर चढायला कोर्स कशाला लागतो? तुझे पणजोबा धोतर नेसून चढायचे." पणजोबा जन्मभर पोस्टात होते आणि घराचा जिना चढतानासुद्धा कुरकुरायचे, ही माहिती आईने स्वयंपाकघरातून पुरवली. वडिलांनी पेपर तोंडासमोर धरला. मी बूट घेऊन आले.

मग वर्षभर माझे रविवार गेले ते गेलेच. कुसगावच्या मागच्या कातळावर आम्ही दोराला लोंबकळायचो आणि लोणावळ्याला आलेले पर्यटक खाली मक्याचं कणीस खात आमचे व्हिडिओ काढायचे. एकदा एका काकूंनी वर बघत विचारलं, "अगं, पलीकडून पायऱ्या आहेत ना?" होत्या. पण पायऱ्यांनी गेलं तर शिकणार काय? आमचे सर कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनीअर. अंगाने काटकुळे, स्वभावाने त्याहून कोरडे. खिशात कायम वही. गाठ चुकली की रागवायचे नाहीत, नुसतं लिहून ठेवायचे. त्या वहीला आम्ही चित्रगुप्त म्हणायचो.

ह्या सगळ्या खटाटोपाचं कारण सांगते. आमच्या बॅचमधून एकालाच कॉलेज उन्हाळ्यात हिमालयातल्या पुढच्या कोर्सला पाठवणार होतं. मला जायचं होतं. नुसतं जायचं नव्हतं, जाणार असं मी सगळ्यांना सांगूनही बसले होते. सोसायटीचे वॉचमनकाका गेटवर विचारायचे, "ताई, बर्फात कधी?" शर्यतीत उरलो होतो दोघं: मी आणि एक जॅकेटवाला. त्याच्या जॅकेटला इतके खिसे की शिट्टी शोधायला दहा मिनिटं लागायची. पण गाठी सुरेख मारायचा मेला.

शेवटची परीक्षा भाद्रपदात, टाकव्याच्या पुढे आंदर मावळात. डोंगराच्या पदरात एक वाडी, वाडीपासून तासाभराच्या चढावर एक खिंड. खिंडीच्या जरा खालच्या सपाटीवर परीक्षा, ती अशी: प्रत्येकाला काडेपेटीतल्या तीन काड्या. रानात आपसूक पडलेलं लाकूड स्वतः शोधायचं, जिवंत झाडाला हात लावायचा नाही, कागद नाही, रॉकेल नाही. तासाभरात सरांना चहा पाजायचा. दोन दिवस पाऊस झोडपत होता. रानात कोरडं असं काही उरलंच नव्हतं. जॅकेटवाल्याने पहिली काडी कारवीच्या ओल्या काटक्यांवर घालवली आणि दुसरी स्वतःच्या खिशात भिजवली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

मी खिंडीत वर गेले. तिथे कड्याच्या पोटात एक कोरडी जागा होती आणि त्या जागेत, गुडघ्याएवढा उंच, वाळक्या काटक्यांचा ढीग. बोटाएवढ्या, मनगटाएवढ्या, सगळ्या खणखणीत वाळलेल्या. ढिगामागे एक दगड होता. दगडाला शेंदूर होता का? होता. मी पाहिला का? पाहिला. पाहून काय केलं? हात जोडले. म्हटलं, देवा, वेळेवर धावलास. आणि दोन खेपांत सगळा ढीग खाली आणला.

पहिल्याच काडीला पेटलं. असा फक्कड चहा झाला की सरांनी दोनदा घेतला आणि वहीत लिहिलं, 'लाकडाची निवड उत्तम.' मी उलट्या बाजूने वाचलं. मनातल्या मनात मी बर्फात पोचलेसुद्धा.

दुपारी जेवायला वाडीत उतरलो. जेवण एका मावशींच्या घरी. साठीच्या असतील, खिंडीवरून चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन नुकत्याच उतरल्या होत्या, पायात रबरी चपला. आम्ही त्याच वाटेवर हेल्मेट घालून गेलो होतो, ते असो. नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी. सर एरवी कुणाचं कौतुक करत नाहीत, त्यांना नेमकी तेव्हाच हुक्की आली. म्हणाले, "मावशी, ह्या पोरीने आज एवढ्या पावसात चहा केला."

मावशींनी माझ्या पानात आणखी भाजी वाढली. "लाकूड कुटं गावलं गं येवढ्या वल्यात?"

"कड्याखाली," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

"व्हय, तितं कोरडं ऱ्हातं." मग चुलीकडे वळून, कुणालाच न सांगितल्यासारखं त्या म्हणाल्या, "खिंडीतला ढीग कुनी नेला काय की."

जॅकेटवाला लगेच म्हणाला, हे टूरिस्ट लोक, ह्यांना कशाचं काही नसतं. सर म्हणाले, लोणावळ्याची गर्दी आता इकडेही सरकायला लागली. मी मान डोलावली. खरंच डोलावली. वर विचारलंही, "कसला ढीग, मावशी?" कारण न विचारणं जास्त संशयास्पद दिसलं असतं.

"चढून आल्यावं दमतं मानूस," त्या म्हणाल्या. "मग तितं देवाम्होरं येक काटकी टाकायची, आन म्हनायचं, बाबा, माजा शीण तुज्यापाशी ऱ्हाऊ दे. दूध घेऊन कोकणात उतरनारी, लग्न लागून आल्याली, समदी टाकत्यात. माजी आय मला हितं पोचवाया आलती, तिनं टाकलेली मी बघितलीय. परत काय तिला चढाया जमलं न्हाई."

हातातला भाकरीचा घास मी परत पानात ठेवला. लाज म्हणजे काय ते मला तोवर ठाऊक नव्हतं. गणितात नापास झाले होते, बसमध्ये चप्पल विसरले होते, पण ही वेगळीच होती. मावशींनी माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. न बोललं तर हिमालय माझा होता, आणि विचारणारं कोणी नव्हतं. चित्रगुप्ताच्या वहीतसुद्धा माझ्या नावापुढे 'उत्तम' होतं.

"मावशी, मी जाळला," मी म्हणाले. "सगळा."

मावशींनी तव्यावरची भाकरी उलटली. "मला वाटलंच. कड्याखाली वाळकं दुसरं व्हतंच काय?" मग म्हणाल्या, "गावभराच्या शिणावर चहा केलास. गोड झालता का?"

"झाला होता," मी म्हणाले आणि रडायलाच लागले. चांगलं हुंदके देऊन, नाक गळत, जॅकेटवाल्यासमोर.

सरांनी वही काढली. रानात आपसूक पडलेलं लाकूड हा नियम, आणि हे कोणीतरी ठेवलेलं होतं. त्यांनी एक ओळ खोडली. बस्स. हिमालयात जॅकेटवाला गेला आणि पुढे वर्षभर आम्हाला बर्फाचे फोटो दाखवून पिडत राहिला. वॉचमनकाकांना मी सांगितलं की पाय मुरगळला. तेवढं खोटं मी अजून निस्तरलेलं नाही.

त्या रात्री मुक्काम वाडीतच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे सॅक भरत होते तेव्हा मी मावशींना म्हटलं, मी ढीग परत रचून देते, दिवसभर लाकडं गोळा करते. त्या हसल्या. "आसं कसं हुईल? ज्याचा शीण त्यानं टाकायचा. तुजी येक टाक आन जा."

म्हणून मी एक काटकी घेऊन तो तासभराचा चढ पुन्हा चढले. कड्याच्या पोटातली जागा स्वच्छ झाडल्यासारखी मोकळी होती. शेंदराचा दगड एकटा बसला होता. काटकी ठेवली. शीण कसला ठेवायचा ह्याचा फार विचार करावा लागला नाही. वर्षभराचे रविवार होते, वॉचमनकाका होते, बर्फ होता. ठेवून झाल्यावर अजिबात हलकं वाटलं नाही. उलट रागच आला, स्वतःचा, देवाचा, चहाचासुद्धा.

मागे चपलांचा आवाज आला. मावशी. हातात भारा नाही, विळा नाही, नुसती एक काटकी.

"तुम्ही कशाला चढलात?" मी विचारलं. "कालच तर जाऊन आलात."

"येकली काटकी बरी दिसत न्हाई," त्या म्हणाल्या, आणि धापा टाकत आपली माझ्या काटकीशेजारी ठेवली.