मिठागराजवळ पडलेल्या वैमानिकाचं पान

सर्वपित्री अमावास्येला आमच्या घरात एक पान जास्त वाढलं जातं. आजा, पणजा, काकू यांची पानं गच्चीवर जातात. हे एक मात्र खाली न्यायचं, जिथे आमच्या भातखाचराचा बांध होता तिथे. आता तिथे जॉगिंग ट्रॅक आहे. बाळकुम गावातली आमची जमीन गेली, पलीकडचं मिठागर बुजलं, टॉवर आले आणि त्यातल्याच एकात आम्हाला फ्लॅट मिळाला. त्याबद्दल मी रडत नाही, जमीन आम्हीच विकली. माझा राग वेगळा आहे.

हे पान एका वैमानिकाचं. माझे वडील विशीत होते तेव्हा हवाई दलाची जेट विमानं नवीनच आली होती. पुढे पंखा नाही तरी उडतं कसं, याचंच गावाला नवल. युद्ध नव्हतं, काही नव्हतं. एका सकाळी सरावाला निघालेलं त्यातलं एक विमान खाडीवरून कलंडत आलं आणि मिठागरात कोसळलं. सगळा गाव विमानाभोवती जमला. बाबांना वैमानिक दिसला तो बराच अलीकडे, विमानातून बाहेर फेकला जाऊन आमच्या बांधाशी पडलेला. जिवंत होता. त्याने खुणेने पाणी मागितलं. आजूबाजूला पाणीच पाणी, आणि सगळं खारट! बाबांचा स्वतःचा पाण्याचा तांब्या बांधावर होता, तो त्यांनी त्याच्या ओठांना लावला. घोट काही आत गेला नाही, हनुवटीवरून ओघळला. बाबांच्या मांडीवरच त्याने प्राण सोडला.

दुपारी लष्कराची माणसं आली. विमानाचे तुकडे गोळा केले, त्याला चादरीत गुंडाळून नेलं. बाबांनी नाव विचारलं तर त्यांना घरी जायला सांगितलं. पुढे पेपरात चार ओळी आल्या, त्या शाळेतल्या गुरुजींनी वाचून दाखवल्या. त्यात विमान कुठल्या जातीचं ते होतं, माणसाचं नाव नव्हतं. हे सांगताना बाबांचा आवाज अजून चढतो, आणि माझाही चढतो.

त्या वर्षापासून त्याचं पान सुरू झालं. तो आपल्या धर्माचा होता कशावरून, असं भावकीत कोणीतरी विचारलं होतं. तहान सगळ्यांनाच लागते, एवढंच बाबा म्हणाले. त्या पानावर वडे, खीर, अळूवडी मागाहून, आधी गोड्या पाण्याचा पेला.

यंदा पान घेऊन मी आणि बाबा खाली उतरलो तर वॉचमन आडवा आला. सोसायटीने नवा नियम केलाय म्हणे, आवारात कावळ्या-कबुतरांना खायला घालायचं नाही. तो बिचारा हुकमाचा ताबेदार, त्याच्याशी काय भांडणार? तेवढ्यात ट्रॅकवर चालायला आलेले खुद्द सेक्रेटरी थांबले. पंधरा ऑगस्टला याच माणसाने झेंड्याखाली उभं राहून जवानांच्या बलिदानावर भाषण ठोकलं होतं आणि शेवटी डोळेही पुसले होते. म्हणून मी त्यांना पानाची सगळी हकीकत सांगितली. वाटलं, हे तरी समजून घेतील.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे युद्धात नाही ना गेला? ॲक्सिडेंटच झाला ना मग? घाटात रोज होतात."

माझं टाळकं सरकलं. नवं कोरं यंत्र माणसाच्या हाती द्यायचं, ते नीट उडतंय का बघायला त्यालाच आभाळात पाठवायचं, आणि पडला की म्हणायचं, अपघात झाला. गोळी लागली असती तर याच गेटवर त्याचा फोटो लावून हार घातला असता यांनी! मरणाला शत्रू लागतो का? हे सगळं मी तिथेच, चालणाऱ्या लोकांसमोर, मोठ्याने बोललो. अजूनही त्यातला एक शब्द परत घ्यावासा वाटत नाही.

सेक्रेटरी माझ्यापुढे वरमले नाहीत. ते बाबांकडे वळले आणि लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाले, "काका, बाल्कनीत ठेवा ना पान. आणि तसा तो तुमचा लागत कोण होता?"

बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. म्हणाले, "तो मेला तवा त्याच्याजवल दुसरं कोनच नव्हतं. मीच होतो. मंग आता तो कोनाचा लागल?"

मी ट्रॅकच्या कडेला पान मांडलं, बाबांनी वाकून पेला भरला. मी हात धरायला गेलो तर त्यांनी झटकला.

"पुढच्या वर्षी आधी कळवा," जाता जाता सेक्रेटरी म्हणाले.

बाबा नव्वदीच्या पलीकडे आहेत. मी म्हटलं, पुढच्या वर्षी हे नसले तर मी येईन, मी नसलो तर माझी मुलगी येईल, आणि कळवणार आमच्यातलं कोणीही नाही.