हौद चौकातली बाकं

जिंकलेल्या माणसाकडे सांगण्यासारखी गोष्ट एकच असते, ती म्हणजे तो कसा जिंकला. ती दोनदा ऐकली की तिसऱ्यांदा लोक घड्याळाकडे बघतात. हरलेल्या माणसाचं तसं नाही. तो दरवेळी वेगळ्या तऱ्हेने हरतो आणि दरवेळचा एक किस्सा मागे राहतो. आमच्याकडे असे किस्से पोत्याने आहेत. कुठे चार माणसं जमली, की कोणीतरी हमखास म्हणतं, "चष्मेवाले, ते हौद चौकाचं सांगा ना!" मी सांगतो. लोक पोट धरून हसतात. मला घरी जाताना बरं वाटत नाही.

आमचं गाव जळगावहून धुळ्याकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्यांतले निम्मे आजही माझ्याकडून चष्मे करून नेतात! बाजारपेठेच्या पोटात हा चौक. मधे जनावरांना पाणी पाजायचा जुना दगडी हौद, तो कोरडा. एका बाजूला कापसाच्या जिनिंगच्या गोडाऊनची लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला माझं दुकान. एके काळी म्हणे इथे संध्याकाळी माणसं बसायची, गाणी व्हायची. माझ्या काळात फक्त सायकली उभ्या असायच्या.

शाळेतून निवृत्त झालेले आमचे ड्रॉइंगचे मास्तर नाना यांना एक दिवस बातमी लागली की या जागेवर दुकानांचे गाळे होणार. नाना थेट नगरपालिकेच्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "मास्तर, जागा पडून आहे. लोक वापरतात असं दिसलं तर बघू."

नाना परत आले ते पेटलेलेच. "माणसं बसली पाहिजेत," ते म्हणाले. "बास! एवढंच करायचंय. चौकात माणसं बसवायची."

एवढंच!

* * *

बसवायचं तर बाकं हवीत. नानांनी पाच शेटजींना गाठलं. पाचही जणांनी आपापल्या वडिलांच्या स्मरणार्थ एकेक सिमेंटचं बाक दिलं. दोन पाय आणि वर सपाट फळी, पाठ नाही. नावं टाकायचं काम आमच्या पेंटरकडे. पेंटर म्हणजे गावातल्या सगळ्या पाट्या आणि अर्ध्या तालुक्याचे ट्रक रंगवणारा माणूस. त्याचा धंद्याचा नियम एकच, नाव लांबून दिसलं पाहिजे.

बाकावर लांबून दिसणारी जागा कोणती? बसायची! पेंटरने पाचही बाकांवर, बरोबर मध्यभागी, पिवळ्या अक्षरांना लाल सावली देऊन लिहिलं, 'कै. धनराजशेट यांच्या स्मरणार्थ' वगैरे वगैरे. अक्षर असं की बघत राहावं.

लोक बघतच राहिले. बसेना कोणी! चौकाच्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या इंदूअक्काला नानांनी हात जोडून सांगितलं, "अक्का, तू तरी बस." अक्का दोन पावलं मागे सरकली. "नाना, येडा व्हई गयात का? मरेल मानूसना नाववर कशी बसू मी?"

नाना म्हणाले, पुसून टाक. पेंटर रॉकेलचा बोळा घेऊन गेला तर धनराजशेटचा मुलगा काठी घेऊन आला. "वडिलांना पुसता?" दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी येऊन बाकावर फूल ठेवायला लागला. बाकीचे चौघे मागे कसे राहतील? आठवड्याभरात पाचही बाकांवर उदबत्त्या! लोक जाता-येता नमस्कार करायचे आणि टेकायची वेळ आली की बाकाशेजारी जमिनीवर बसायचे.

* * *

मग बापू म्हणाले, "आपण पथनाट्य करू." बापू म्हणजे एस.टी.त कंडक्टर आणि सुटीच्या दिवशी दिग्दर्शक. दोन्हीकडे त्यांचं एकच वाक्य, "पुढे सरका!"

प्रेक्षक आणायचे कुठून? बापूंनी डोकं चालवलं. चौकालगतच्या रेशन दुकानात रॉकेल आलं की रांग हौदाला वळसा घालून जायची. आयते प्रेक्षक, आणि तेही पळून न जाणारे! रॉकेलच्या दिवशी नाटक सुरू झालं. गोष्ट एका म्हाताऱ्याची, ज्याचा चौक जातो. म्हातारा झाले होते नाना.

बापू एक गोष्ट विसरले. रांग पुढे सरकते!

ज्यांनी सुरुवात पाहिली ते मधे कुठेतरी रॉकेल घेऊन घरी गेले. जे शेवटाला आले त्यांना म्हातारा कोण, रडतोय कशाला, काही कळेना. एकाने तर नानांना पाणी आणून दिलं, "मास्तर, बीपीची गोळी घेतली नाही वाटतं आज." दीडशे माणसांनी नाटक पाहिलं आणि पूर्ण नाटक एकानेही पाहिलं नाही.

चुकलो. एकाने पाहिलं. खेड्यावरून आलेले एक आबा होते. काउंटर जवळ आलं तरी ते मागच्यांना "तुम्ही व्हा पुढे" म्हणत राहिले आणि शेवटपर्यंत पाहत उभे राहिले. नाटक संपलं तेव्हा रॉकेलही संपलं होतं. रिकामा डबा घेऊन आबा नानांजवळ आले. "नाटक चांगलं व्हतं भाऊ. पन आते ष्टो कसावर पेटाडू?"

नानांनी आपल्या घरचा डबा त्यांना दिला. त्या आठवड्यात नानांकडे चूल पेटत होती आणि वहिनी बापूंशी बोलत नव्हत्या.

* * *

भिंतीची गोष्ट मला सांगवत नाही, पण सांगतो. नाना म्हणाले, चौक लोकांचा, तर चित्रही लोकांनी काढायचं. गोडाऊनची भिंत त्यांनी खडूने चौकोन पाडून पेठेतल्या दुकानदारांना वाटून दिली. "तुम्हाला जे मनापासून प्रिय आहे ते काढा," नाना म्हणाले.

दुकानदारांनी ते अगदी मनावर घेतलं. संध्याकाळी भिंतीवर कापडवाल्याने आपलं दुकान काढलं होतं, भांडीवाल्याने आपलं, मिठाईवाल्याने आपलं आणि खाली 'आमची दुसरी शाखा नाही.' वर एक लांब पट्टा नानांनी आकाशासाठी निळा ठेवला होता. ती जागा कोणाची, यावरून दोन्ही सराफांचं भांडण लागलं.

पेंटर बिचारा हवालदिल! "नाना, इतकी वर्षं मी ह्यांच्या पाट्या रंगवल्या. आता हे स्वतःच रंगवायला लागले, मी काय खाऊ?"

पुढे निवडणूक आली. एका रात्रीत कोणीतरी सगळ्या भिंतीला चुना फासला आणि वर लिहिलं, 'ही भिंत राखीव.' कोणासाठी, ते लिहिलं नव्हतं. मतमोजणी झाली, गुलाल उधळला, भिंत मात्र राखीवच राहिली.

* * *

थंडीत नानांनी शिल्प केलं. आपल्याकडे कापूस निघाला की शेतात उरतात त्या पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळक्या काड्या. त्यांची, पुरुषाहून उंच अशी, ओटीत कापूस घेऊन वाकलेली बाई. आम्ही आठवडाभर खपलो. पेंटरने सुतळीने एकेक काडी अशी बांधली की मागून पाहिलं तर बाईच्या कमरेला कळ लागलीय हे दिसावं. खोटं सांगत नाही, तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही. नाना तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "आता येतील लोक."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही चौघे नटूनथटून चौकात गेलो. लांबूनच माणसं दिसली. केवढी माणसं! नानांनी माझा हात घट्ट धरला. "चष्मे, बसलीत! बघ, माणसं बसलीत!"

खरंच बसली होती, पंगतीत. मधे निखारे, त्यावर वांगी.

पेठेतली पोरं हात पुसत धावत आली. "नाना, या, या! तुमचीच वाट बघत होतो. तुम्ही पऱ्हाट्या आणून ठेवल्यात म्हटल्यावर आम्ही वांगी आणली."

त्यांचं तरी काय चुकलं? खानदेशात थंडीच्या दिवसांत कोणी चौकात पऱ्हाट्या रचल्या, तर त्याचा अर्थ भरीत पार्टी. दुसरा अर्थ आजवर कोणी लावलेला नाही! "आणि नाना, उभ्या रचल्यात हे बेस झालं," एकजण कौतुकाने म्हणाला, "आतून हवा खेळली. पेटल्या अशा!"

आम्हाला पत्रावळी वाढल्या. कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, वर भरीत, कांद्याची पात. माझ्या घशाखाली घास उतरेना आणि भरीत इतकं चांगलं झालं होतं की थांबवेना. नानाही जेवले. हात धुताना म्हणाले, "चौक भरला होता, बरं का."

* * *

शेवटी साहेब पाहणीला आले. कधी? रविवारी सकाळी!

तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका लागायची आणि गावात कुत्रं रस्त्यावर दिसायचं नाही. नानांनी रविवारी मुलांची खडूची चित्रं आणि बापूंचं भजन ठेवलं होतं, पण शेजारच्या रेडिओवाल्याने दुकानात रंगीत टीव्ही लावला आणि मुलं गेली, मुलांना शोधायला आया गेल्या, आयांना बोलवायला बापू गेले. बापू परत येईनात म्हणून मी आणि पेंटर गेलो.

साहेब आले तेव्हा हौदाच्या काठावर खडूंचा डबा मांडीवर घेऊन नाना एकटे.

"मास्तर, कोणी नाही?"

"येतील आत्ता."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "मग ती तिकडे गर्दी कसली? ... अरे! सुरू झालं का?" आणि साहेब धावले! रेडिओवाल्याने त्यांना स्टूल दिलं. पूर्ण भाग पाहिला, चहा घेतला, डोळे पुसले. निघताना चौकावरून एक नजर फिरवली आणि म्हणाले, "जागा छान आहे. पण वापर नाही."

आम्ही माना खाली घालून नानांकडे गेलो. नाना खडू डब्यात भरत होते. म्हणाले, "बापू, तिथे बसायची सोय चांगली आहे." त्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

* * *

नाना गेले ते त्याच वर्षी, पावसाळ्याआधी. आमच्याकडे अंत्ययात्रा बाजारातून निघाली की दुकानदार गादीवरून उठून ओट्यावर येतात, हात जोडतात आणि ती पुढे जाईपर्यंत अर्धं शटर ओढून धरतात. नानांची यात्रा बाजारातून निघालीच नाही. त्या दिवशी आठवडे बाजार होता, आत शिरायला वाट नव्हती. मागच्या गल्लीतून नेलं. आम्ही तिघे, शाळेतले काही आणि घरची माणसं.

मग आम्ही चौकात सहावं बाक ठेवलं. बापू म्हणाले, "नाव टाकायचं नाही. नाव टाकलं की संपलं, कोणी बसणार नाही."

पेंटर ऐकेना. "सगळ्या गावाची नावं लिहिली मी. नानांचंच लिहायचं नाही?"

दोघे दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानातून पाहतो तर पेंटर गोणपाट अंथरून बाकाखाली उताणा. तोंडावर रंगाचे ठिपके. अक्का पाटी काखेत घेऊन वाकून बघत होती. "पेंटर, मोटरखाले घुसेल मिस्त्रीना मायक काय करी ऱ्हायना?"

"गळती बघतोय," पेंटर म्हणाला.

"सिमेटना बाकले गळती?" अक्का म्हणाली आणि वर टेकली. आमच्या चौकातल्या बाकावर बसलेलं ते पहिलं माणूस! तिला बघून दुसरी बसली, मग हमाल बसायला लागले. गाळे मंजूर झाले तरी ते बाक कधी रिकामं दिसलं नाही. खाली काय लिहिलंय हे आम्हा तिघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

* * *

आता शेवटचं.

गाळ्यांचा पाया खणायला माणसं आली, तेव्हा बाकं उचलायला ट्रॅक्टर-ट्रॉली आली. बाकं कलंडू नयेत म्हणून हमालांनी ती उलटी भरली. फळी खाली, पाय वर. धनराजशेट आणि बाकीचे चारही शेटजी पालथे. सगळ्यांत वर, शेवटी उचललेलं, नानांचं बाक. चार हात लांब पिवळी अक्षरं, लाल सावली, आणि आभाळाकडे तोंड करून नानांचं नाव.

मला वाटतं ते पेंटरचं सगळ्यात चांगलं काम.

ट्रॅक्टर बाजारातून निघाला. त्याही दिवशी आठवडे बाजार होता, त्यामुळे अगदी पावलापावलाने. मागे आम्ही तिघे आणि पाटी घेतलेली अक्का. का चाललो होतो कोण जाणे, थांबायला चौक उरला नव्हता म्हणून असेल.

पहिल्यांदा कापडवाला उठला. ओट्यावर आला, नाव वाचलं, हात जोडले आणि मागे हात घालून अर्धं शटर ओढलं. मग भांडीवाला. मग मिठाईवाला. मग दोन्ही सराफ, समोरासमोर. शटरांचा आवाज ट्रॅक्टरच्या पुढे पुढे जात होता. भाजीवाल्या उभ्या राहिल्या, गिऱ्हाइकं उभी राहिली, वरच्या गॅलऱ्यांमध्ये बायका उभ्या राहिल्या.

अक्काने पाटी खाली ठेवली आणि ट्रॉलीकडे बघून ओरडली, "नाना, देखा! सारा बजार उभा शे!"

पेंटरने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"अक्का," तो म्हणाला, "सगळ्यांना बसायला सांग."