चिंचेखालची जागा

चैत्र, १९३८. पारोळ्याच्या बाजाराचा दिवस. गाडीत हजर: सासूबाई, मी, माझी धाकटी जाऊ आणि बैल हाकायला माझे यजमान. माल: माझी मेथी आणि कोथिंबीर, जावेचीही मेथी आणि कोथिंबीर.

मळ्याची वाटणी होऊन वर्ष झालं होतं. वाफे वाटले गेले, पण विहीर एकच राहिली, गाडी एकच राहिली आणि बाजारही एकच. त्यामुळे मला सबब सांगायला जागाच नव्हती. त्याच पाण्यावर वाढलेली आणि त्याच गाडीतून आलेली तिची मेथी दुपारपर्यंत ताठ असायची, माझी त्याआधीच मलूल. गिऱ्हाईक माझ्या पाटीवरून नजर फिरवून तिच्यापुढे उकिडवं बसलं, की मी उगाच माझ्या जुड्यांची पिवळी पानं खुडत बसायचे. मग मला तिच्या हिरव्या बांगड्यांचाही राग यायचा, आणि माल संपवून ती निवांत सुपारी कातरत बसायची त्याचाही.

उरलेली भाजी घरी म्हशीपुढे जायची. परतताना जाऊ हसायची, "अक्का, तुनी म्हैसनी मजा शे. दर बाजारले मेथी!"

"मंग तुनी म्हैसले बी देत जाय."

"काय दिऊ? उरस नही ना!"

तिची उरतच नाही, हे मी हसण्यावारी नेत असे, पण घरी पोचल्यावर मेथी म्हशीपुढे जरा जोरातच टाकत असे.

त्या दिवशी मात्र थट्टेपेक्षा मोठी गोष्ट होती. बाजारात आमच्या घराच्या दोन जागा. एक चिंचेखाली, तिथे सासूबाई बसत. दुसरी किल्ल्याच्या बाजूला, भर उन्हात; तिथे आम्ही दोघी. गुडघे धरले म्हणून सासूबाई बाजार सोडणार होत्या. थोरली मी, तेव्हा सावली माझीच, असं मी धरून चालले होते. आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, "कोनले जागा देवानी, ते उद्याना बाजार पाहीसन सांगसू." उद्याचा बाजार पाहून ठरणार, हे ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

म्हणून तयारीत काही कमी ठेवायचं नाही, असं ठरवलं. आमच्याकडे मेथी मुळासकट उपटतात, जुड्या बांधतात, विहिरीजवळच्या गुरांच्या पाण्याच्या हाळात बुडवतात, पाटीत दाबून भरतात आणि वर ओलं पोतं टाकतात. मी जुड्या दोनदा बुडवल्या. पाटी गुडघ्याने दाबून भरली. वर एकाऐवजी दोन पोती घातली. एरवी रागाने मी जावेच्या पाटीकडे बघतही नसे; त्या दिवशी गाडीत माल चढवताना पाहिली. ती कोरडी होती. जुड्या सैल, वर नुसती एरंडाची पानं, आणि त्याखाली मेथी जराशी सुकलेली. ही बाई आजच नेमकी पाणी मारायला विसरली! मला इतकं बरं वाटलं, की वाटेत मी तिला माझ्या डब्यातला तंबाखूही दिला.

पारोळ्याला पोती काढली, आणि चुलीवरच्या भांड्याचं झाकण उघडावं तशी वाफ तोंडावर आली. वरच्या जुड्या बऱ्या होत्या. मधल्या काळ्या पडल्या होत्या, पानं बोटांना चिकटत होती. शेजारी जावेने परातीत बोटभर पाणी घेतलं, मुळं पाण्यात येतील अशा जुड्या उभ्या केल्या आणि सुपारी काढली. बाजार भरेपर्यंत तिची मेथी नुकतीच उपटल्यासारखी उभी राहिली.

सासूबाई काठी टेकत आल्या. माझ्या पाटीत हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"काय व, इकाले आनी का रांधीसन आनी?"

विकायला आणली की रांधून, हे ऐकून आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. जाऊ हसली नाही. "अक्कानं पानी जरा जास्त मारं," एवढंच म्हणाली. माझी बाजू तिने घ्यावी, हे मला त्या हसण्यापेक्षा जास्त झोंबलं.

सासूबाईंनी चिंचेखाली परत जाऊन आपलं बसायचं पोतं झटकलं आणि तिथूनच सांगितलं, "आते आठे धाकली बसी." आता इथे धाकटी बसेल. बोलणं संपलं. जावेने परात उचलली आणि ती सावलीत गेली.

पुढच्या बाजारापासून मी पद्धत बदलली. हाळात बुडवणं बंद. दाबून भरणं बंद. ओल्या पोत्याऐवजी एरंडाची पानं. परातही घेतली. भाजी सडायची थांबली, हे खरं. पण माझ्या जुड्या मुळांवर उभ्या राहतात आणि ऊन चढलं की पुन्हा पडतात. तिच्या पडत नाहीत. सावलीमुळे म्हणावं, तर उन्हात बसत होती तेव्हाही पडत नव्हत्या. मेथी उपटल्यापासून गाडीत चढेपर्यंत ती आणखी काहीतरी करते. वाटणीपासून दोन अंगणांच्या मध्ये भिंत आहे, त्यामुळे दिसत नाही.

मागे एकदा तिनेच सावलीतून हाक मारली होती, "अक्का, इचार ना, सांगसू!"

"पाहू," मी म्हणाले, आणि गिऱ्हाईक नसताना गिऱ्हाईक असल्यासारखी जुड्या मांडू लागले.

बाकी सगळी कामं उरकली. उन्हातून उठून चिंचेखाली जायचं आणि तिला विचारायचं, तेवढं राहिलं आहे.