इलेव्हनचा हत्ती

छापखान्यात तिला सगळे अनुस्वारबाई म्हणत. सव्वीस वर्षं प्रुफं तपासून नजर अधू झाली होती, पण चूक दिसली की गप्प बसणं तिला अजून जमत नव्हतं.

मुलांच्या आकड्यांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रूफ हातात आलं आणि तिचं डोकंच फिरलं. पानभर हत्ती, आणि खाली लिहिलेलं : ‘हत्तीचे दोन सुळे अकराच्या आकड्यासारखे दिसतात, म्हणून एलिफंटवरून इलेव्हन हा शब्द आला.’

मागच्या प्रुफात तिने हे खोडून समासात लिहिलं होतं, की इंग्रजांचे पूर्वज दहा बोटांवर मोजत. दहा संपून एक राहिला, की त्यांच्या भाषेत ‘एक उरला’ म्हणत. तोच शब्द झिजत झिजत इलेव्हन झाला. ‘दोन उरले’चा ट्वेल्व्ह.

ती तरातरा मालकांच्या खोलीत गेली.

“माझी दुरुस्ती कुणी काढली?”

“मी. अहो बाई, मुलांना हत्ती आवडतो.”

“मग हत्तीची गोष्ट छापा की! ही थाप कशाला?”

“कोण बघतंय?”

“मी बघतेय! पहिल्या पानावर मुद्रितशोधक म्हणून माझं नाव आहे.”

“मग नाव काढू,” मालक हसले.

ते हसणं तिच्या जिव्हारी लागलं. ती थेट मशीनपाशी गेली. मशीन तिचा दीर चालवायचा.

“भावजी, पहिल्या पानावरून माझं नाव पुसा.”

“वहिनी, मालक ओरडतील.”

“त्यांनीच सांगितलंय. पुसा!”

त्याने छपाईच्या प्लेटवरची ती ओळ पुसली.

दोन महिन्यांनी एक शिक्षिका पुस्तकातलं हत्तीचं पान उघडून तणतणत आली. “हे कुणी तपासलं?”

मालकांनी खुशाल अनुस्वारबाईंकडे बोट दाखवलं. “या बाईंनी.”

बाईंनी खण ओढून ते जुनं प्रूफ काढलं आणि शिक्षिकेपुढे आपटलं. “वाचा. मोठ्याने वाचा.”

शिक्षिकेने समासातलं अक्षर न् अक्षर वाचलं. मशीन थांबवून सगळे कामगार दारात जमले. मालक खाली मान घालून म्हणाले, “पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू.”

“पुढच्या नाही. उरलेल्या सगळ्या प्रतींवर आज दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवायची.”

संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्या छापून झाल्या. पहिली मालकांनी स्वतः चिकटवली, वाकडी. बाईंनी ती ओरबाडून काढली आणि दुसरी त्यांच्या हातात दिली.